जागं ठेवणारं सॉफ्टवेअर चालू आहे, तरी स्क्रीन काळी होते

लक्षणं आधी बघून घ्या. तुमचं यातलं नेमकं कोणतं, ते ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका.

- घड्याळाशेजारी आयकॉन चालू दिसतो, तरी काही मिनिटांनी स्क्रीन काळी होते. माउस हलवला की लगेच परत येते, पासवर्ड मागत नाही.
- परत येते, पण पासवर्ड मागते.
- परत यायला दोन-चार सेकंद लागतात, वायफाय नव्याने जोडलं जातं, मधलं डाउनलोड तुटलेलं असतं.
- चार्जरवर सगळं नीट, बॅटरीवर मात्र झोपतं.
- लॅपटॉपची स्क्रीन चालू, बाहेरचा मॉनिटर तेवढा काळा.
- कळा दाबा, माउस हलवा, काहीही करा. स्क्रीन परत येतच नाही.

तक्रार करताना सगळे एकच वाक्य बोलतात: "ते कॉफीच्या कपाचं सॉफ्टवेअर चालत नाही." (जागं ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आयकॉन बऱ्याचदा कॉफीचा कप असतो.) पण वरच्या सहा गोष्टींची कारणं वेगवेगळी आहेत, आणि बहुतेक वेळा सॉफ्टवेअर बिचारं व्यवस्थित चालत असतं. त्याच्या हातात स्क्रीन नसतेच. ते ऑपरेटिंग सिस्टिमकडे फक्त एक अर्ज टाकतं, "मी आहे तोवर झोपू नकोस." स्क्रीन बंद करणारे मात्र अनेक असतात: पॉवर सेटिंग, स्क्रीन सेव्हर, लॉक, झाकणाचा सेन्सर, मॉनिटर स्वतः. त्यातल्या काहींना हा अर्ज बंधनकारक नसतो, काहींपर्यंत तो पोचतच नाही. म्हणून सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकणं हा उपाय सगळ्यात जास्त केला जातो आणि सगळ्यात कमी उपयोगी पडतो.

पहिलं काम: मिनिटं मोजा

फोनवर स्टॉपवॉच लावा, संगणकाला हात लावू नका आणि स्क्रीन किती वेळाने जाते ते बघा. फुकटची तपासणी आहे, पण अर्धं निदान हिच्यातच होतं.

पॉवर सेटिंगमध्ये लिहिलेल्या मिनिटांनाच स्क्रीन गेली, तर अर्ज पोचलेला नाही किंवा चुकीचा अर्ज गेला आहे. संगणक लॉक असताना बरोबर १ मिनिटाने गेली, तर ते विंडोजचं लॉक स्क्रीनसाठीचं वेगळं घड्याळ आहे. मूळ सेटिंग १ मिनिटाचंच असतं आणि नेहमीच्या पानावर ते दिसत नाही. संगणक रात्री एखाद्या ठरवलेल्या कामासाठी आपोआप जागा झाला आणि २ मिनिटांत पुन्हा झोपला, तर तेही विंडोजचंच आणखी एक लपलेलं घड्याळ: कोणी समोर नसताना जाग आली तर लवकर झोप. आणि दर वेळी वेगळाच आकडा येत असेल, कधी ३ मिनिटं, कधी ४०, तर सेटिंगचा नाद सोडा. अशा वेळी झाकण, केबल, मॉनिटर किंवा उष्णता यांच्याकडे बघायचं.

मोजताना गाणं लावून ठेवू नका. "गाणं चालू राहिलं म्हणजे संगणक जागा" हा तर्क ऐकायला बरा वाटतो, पण आवाज वाजत असताना ऑडिओ ड्रायव्हर स्वतःच जागं राहण्याचा अर्ज धरून ठेवतो. म्हणजे गाणं चालू असताना जे सुरळीत वाटतं, ते गाणं थांबल्यावर बिघडतं. ब्राउझरमधला व्हिडिओही तसाच. सगळं बंद करा, फक्त ते एक सॉफ्टवेअर चालू ठेवा, मग मोजा.

सॉफ्टवेअरमधलं दुसरं बटण

"संगणक जागा ठेवा" आणि "स्क्रीन चालू ठेवा" हे दोन वेगळे अर्ज आहेत. पहिल्या लक्षणाचं सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच.

विंडोजवर पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या साधनसंचातलं अवेक वापरत असाल तर त्यात "कीप स्क्रीन ऑन" नावाचं बटण वेगळं आहे. ते बंद असेल तर संगणक रात्रभर जागा राहील आणि स्क्रीन खुशाल काळी होईल. अवेकच्या दृष्टीने यात काही चुकलेलंच नाही. तिथेच कोणता प्रकार निवडलाय तेही बघा: कायम जागं, ठरावीक वेळ, की अमुक तारखेपर्यंत. ठरावीक वेळ निवडून नंतर विसरलेली माणसं पुष्कळ भेटतात.

मॅकवर टर्मिनलमधून कॅफिनेट ही जागं ठेवणारी आज्ञा चालवणाऱ्यांचं तेच होतं. नुसतं कॅफिनेट लिहिलं तर संगणक झोपत नाही, पण स्क्रीन झोपू शकते. स्क्रीनसाठी पुढे "-डी" लावावं लागतं. "-एस" लावलं तर ते फक्त चार्जरवर लागू होतं. "-यू" लावलं आणि वेळ दिली नाही तर परिणाम ५ सेकंदच टिकतो. टर्मिनलची खिडकी बंद केली की सगळंच संपलं. (आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायच्या.)

मॅकवरच्या अँफेटमिनसारख्या जागं ठेवणाऱ्या ॲपमध्ये स्क्रीनला झोपू द्यायचं की नाही हा पर्याय वेगळा असतो, आणि बॅटरी ठरावीक टक्क्यांखाली गेली की सत्र संपवायची सोयही असते. "दुपारपर्यंत चालतं, मग बंद पडतं" अशी तक्रार असेल तर आधी तिथे बघा.

ते खरंच चालू आहे ना?

विंडोजमध्ये घड्याळाशेजारच्या बाणावर क्लिक करून लपलेले आयकॉन बघा. अर्ज हा त्या प्रोग्रामच्या जिवावर टिकतो. प्रोग्राम बंद झाला, अडकून मेला किंवा अँटिव्हायरसने उचलला, की अर्ज त्याच क्षणी रद्द. रीस्टार्ट झाल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर स्टार्टअप ॲप्सच्या यादीत त्याचं नाव बंद आहे का ते पाहा. आणि अशी दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी ठेवू नका. ती एकमेकांना मारत नाहीत, पण कोणत्याने काय केलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

सेटिंगमधले बाकीचे हात

चार्जर आणि बॅटरी यांच्या वेळा वेगळ्या असतात, दोन्ही बघा. मग स्क्रीन सेव्हर. हल्ली तो कोणी मुद्दाम लावत नाही, पण जुन्या सेटिंगमधून किंवा कार्यालयाच्या धोरणातून तो चालू राहिलेला असतो. विंडोजमध्ये हे अर्ज ज्या फंक्शनमधून जातात, त्याच्या मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलं आहे की त्याने स्क्रीन सेव्हर थांबत नाही. "रिकामा" हा स्क्रीन सेव्हर निवडलेला असेल तर दिसायला ते हुबेहूब स्क्रीन बंद झाल्यासारखंच दिसतं. शोधपट्टीत "चेंज स्क्रीन सेव्हर" टाइप करा आणि "नन" निवडा.

विंडोजमध्ये आणखी दोन गोष्टी. एक, डायनॅमिक लॉक: ब्लूटूथने जोडलेला फोन घेऊन तुम्ही लांब गेलात की संगणक स्वतःला लॉक करतो. दुसरी, उपस्थिती ओळखणारा सेन्सर. नव्या काही लॅपटॉपमध्ये असतो. तुम्ही खुर्चीवरून उठलात की स्क्रीन बंद. "मी बसलेलो असताना कधीच होत नाही" असं कोणी म्हणालं की या दोघांवर माझा पहिला संशय जातो.

मॅकवर हॉट कॉर्नर्स. एखाद्या कोपऱ्याला "डिस्प्ले झोपव" हे काम नेमलेलं असतं आणि माउस बाजूला सारताना पॉइंटर नेमका त्याच कोपऱ्यात जाऊन बसतो. डेस्कटॉप आणि डॉकच्या सेटिंगमध्ये अगदी तळाशी हे बटण आहे.

मॉनिटरच झोपत नाहीये ना?

बाहेरच्या मॉनिटरला स्वतःची वीजबचत असते, आणि तिला संगणकातल्या कुठल्याही अर्जाचा पत्ता नसतो. मॉनिटरच्या बटणांनी त्याचा मेनू उघडा. इको मोड, आपोआप बंद, स्लीप टायमर अशा नावाचं जे काही सापडेल ते बंद करा. ओएलईडी पडद्यांवर पिक्सेल जपण्यासाठी मंद करणारी सोय असते, तीही बघा.

ओळखायची खूण अशी: काळं होण्याआधी पडद्यावर "नो सिग्नल" उमटलं, तर सिग्नल संगणकाकडून थांबला किंवा केबलमध्ये तुटला. काहीच न उमटता, किंवा मॉनिटरचाच "आता बंद होतोय" असा संदेश येऊन काळं झालं, तर मॉनिटरकडे बघा. केबल बदलून बघायला काही लागत नाही, बदलूनच टाका एकदा.

सिस्टिमलाच विचारा

इथून पुढे थोडं टाइप करावं लागेल. पण जे विचारतोय त्याचं उत्तर थेट यंत्राकडून मिळतं, अंदाज बांधावा लागत नाही.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करून उघडा आणि "पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स" ही आज्ञा द्या. साध्या खिडकीतून दिली तर ती परवानगी नाही म्हणून परत पाठवते. उत्तरात डिस्प्ले, सिस्टिम, अवेमोड, एक्झिक्युशन असे मथळे येतात आणि प्रत्येकाखाली ज्याने अर्ज धरलाय त्याचं नाव. नाव नसेल तर "नन".

वाचायचं असं. डिस्प्लेखाली तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव असेल, तर त्याने आपलं काम चोख केलंय. गुन्हेगार दुसरीकडे शोधा. नाव फक्त सिस्टिमखाली असेल, तर ते "दुसरं बटण" बंद आहे. दोन्हीकडे "नन" असेल, तर प्रोग्राम मेलेला आहे किंवा तो अर्ज न टाकणाऱ्या जातीचा आहे. त्या जातीबद्दल खाली येतो.

डिस्प्लेखाली नाव आहे आणि तरी स्क्रीन जाते, तर एक आडबाजूची शक्यता तपासा: "पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्सओव्हरराइड". पुढे काहीही न लिहिता आज्ञा दिली की कोणाचे अर्ज दुर्लक्षित करायचे याची यादी येते. कधीतरी उलटा त्रास, म्हणजे संगणक झोपतच नाही, मिटवायला कोणीतरी इथे नाव घातलेलं असतं आणि मग ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. तुमच्या प्रोग्रामचं नाव तिथे असेल तर तीच आज्ञा त्याचा प्रकार (प्रोसेस, सर्व्हिस की ड्रायव्हर) आणि नाव लिहून, पुढे अर्जाचं नाव (डिस्प्ले, सिस्टिम वगैरे) न लिहिता दिली की ते निघून जातं.

मॅकवर "पीएमसेट -जी असर्शन्स". त्यात "प्रिव्हेंट युजर आयडल डिस्प्ले स्लीप" या ओळीपुढे १ हवा. ० असेल आणि "सिस्टिम स्लीप"च्या ओळीपुढे १ असेल, तर पुन्हा तेच: संगणक जागा, स्क्रीन मोकळी. खाली कोणत्या प्रोसेसने काय धरलंय तेही लिहिलेलं असतं.

लिनक्सवर आधी सेशन एक्सइलेव्हन आहे की वेलँड ते पाहा (पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी आणि नवी व्यवस्था). इंटरनेटवरचे निम्मे जुने सल्ले "एक्ससेट" ही एक्सइलेव्हनची आज्ञा वापरा असं सांगतात. वेलँडवर त्याचा स्क्रीन बंद होण्याशी संबंध उरत नाही. ग्नोम या डेस्कटॉपवर कॅफिन हे एक्स्टेन्शन वापरत असाल आणि अपग्रेडनंतर ते बंद पडलं असेल, तर ते बिघडलेलं नाही. एक्स्टेन्शनने आपल्याला चालणाऱ्या ग्नोमच्या आवृत्त्या आधीच जाहीर केलेल्या असतात, नवी आवृत्ती यादीत नसली की ग्नोम ते उघडतच नाही. एक्स्टेन्शनची नवी आवृत्ती घ्या. "सिस्टिमडी-इनहिबिट --लिस्ट" दिलं की सिस्टिमच्या पातळीवर कोणी काय अडवून धरलंय ते दिसतं.

खोटी कळ दाबणारे प्रोग्राम

काही प्रोग्राम अर्ज टाकतच नाहीत. ते मधूनमधून एक कळ दाबल्याचं नाटक करतात किंवा माउस किंचित हलवतात. विंडोजवरचं झॉर्न सॉफ्टवेअरचं जुनं कॅफिन (ग्नोमवरच्या कॅफिनहून वेगळं) हे याचं नामांकित उदाहरण: दर ५९ सेकंदांनी एफ१५ ही कळ. आजच्या कीबोर्डवर ती कळ बहुधा नसतेच, म्हणूनच ती निवडली. असे प्रोग्राम वरच्या यादीत दिसत नाहीत, त्यामुळे "नन" बघून घाबरू नका.

यांची अडचण वेगळी. विंडोजमध्ये साध्या हक्कांनी चालणारा प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटरच्या हक्काने उघडलेल्या खिडकीला कळ पाठवू शकत नाही. सुरक्षेची भिंत आहे ती. आणि अडवलं गेलं हे प्रोग्रामला कळतही नाही, तसा कोणताही एरर परत येत नाही. म्हणून तक्रार अशी येते: "रोज चालतं, पण मोठं इन्स्टॉलेशन लावून गेलो की त्याच दिवशी झोपतं." समोर ॲडमिनवाली खिडकी असते, कळा भिंतीवर आपटत राहतात. लॉक स्क्रीनवरही या कळा पोचत नाहीत. शिवाय काही टर्मिनल प्रोग्राममध्ये एफ१५ आल्यावर नको ती अक्षरं उमटतात.

माझं मत विचाराल तर, कळ दाबणारं सोडून द्या आणि अर्ज टाकणारं घ्या. अपवाद फार थोडे.

पासवर्ड मागत असेल तर

कार्यालयाच्या संगणकावर "मशीन इनॲक्टिव्हिटी लिमिट" नावाचं धोरण लावलेलं असू शकतं. कोणी हात लावला नाही की ठरलेल्या सेकंदांनी लॉक. हे वरून लादलेलं असतं. सेटिंगच्या पानावर "काही सेटिंग तुमची संस्था सांभाळते" अशा अर्थाची ओळ दिसली की हात काढून घ्या आणि आयटी विभागाला लिहा. कशासाठी जागं हवंय ते सांगा: सादरीकरण, लांब चालणारी गणना, भिंतीवरचा फलक. यासाठी अपवाद देता येतो आणि तो देणं त्यांचंच काम आहे. यूएसबीला लावायचा माउस हलवणारा ठोकळा आणून धोरणाला बगल देऊ नका. तो पकडला जातो, आणि पकडला गेला की विषय स्क्रीनचा राहत नाही.

बॅटरीवरच झोपतं

"पॉवरसीएफजी /ए" द्या. उत्तरात "एस० लो पॉवर आयडल" उपलब्ध असल्याचं दिसलं तर तुमचा लॅपटॉप मॉडर्न स्टँडबाय जातीचा, म्हणजे फोनसारखा अर्धवट जागा राहून झोपणारा. अशा यंत्रांवर बॅटरीवर असताना झोपेची ठरलेली वेळ उलटली की ५ मिनिटांनी विंडोज सिस्टिम जागी ठेवण्याचे अर्ज स्वतःच रद्द करतं. ही चूक नाही, तशीच रचना आहे. तुमच्या आकड्यात सेटिंगपेक्षा बरोबर ५ जास्त येत असतील तर आणखी शोधायची गरज नाही. चार्जर लावा, किंवा बॅटरीवरची झोपेची वेळच वाढवा.

इव्हेंट व्ह्यूअर आणि झाकण

अजून सापडलं नाही तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमची नोंदवही उघडा आणि कर्नेल-पॉवर या विंडोजच्या वीज सांभाळणाऱ्या भागाच्या नोंदी गाळून घ्या. क्रमांक ४२ म्हणजे संगणक झोपायला निघाला. मॉडर्न स्टँडबायवाल्यांसाठी ५०६. नोंदीत कारण लिहिलेलं असतं. "सिस्टिम आयडल" म्हणजे वेळ संपली. "बटण ऑर लिड" म्हणजे कोणीतरी बटण दाबलं किंवा झाकण मिटलं.

आणि झाकण तर उघडंच होतं! असं दिसलं की लॅपटॉपच्या आसपास चुंबक शोधा. झाकण मिटल्याचं बऱ्याच लॅपटॉपना चुंबकाने कळतं. सेन्सर बहुधा हात टेकवायच्या पट्टीखाली, एका कडेला असतो. घड्याळाचा चुंबकी पट्टा, फोनचं चुंबकाने बंद होणारं कव्हर, किंवा खाली ठेवलेला दुसरा लॅपटॉप, एवढंही पुरतं. मनगट डावीकडे टेकलं की स्क्रीन जाते आणि उचललं की येते, असं होत असेल तर घड्याळ काढून तसंच मनगट टेकून बघा. जागं ठेवणारं बहुतेक सॉफ्टवेअर झाकणापुढे हरतं, कारण झाकण मिटणं म्हणजे तुम्ही स्वतः झोपायला सांगणं असं धरलं जातं.

परतच येत नसेल तर

विंडोजमध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकत्र दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, एक बीप ऐकू येतो. याने स्क्रीन परत आली तर ड्रायव्हर बघा: नोंदवहीत ४१०१ क्रमांकाच्या नोंदी असतील तर ड्रायव्हर मधूनमधून अडकतोय. लॅपटॉपच्या निर्मात्याच्या पानावरून नवा ड्रायव्हर टाका. नव्यानेच त्रास सुरू झाला असेल तर आधीच्या आवृत्तीवर परत जा. दोन्हींनी फरक पडला नाही तर इथे थांबायचं.

इथून पुढे तंत्रज्ञ

खालीलपैकी काही दिसलं तर सेटिंगमध्ये आणखी वेळ घालवू नका.

झाकण पुढेमागे केल्यावर स्क्रीन जाते-येते किंवा रेषा दिसतात: बिजागरीतून जाणारी डिस्प्लेची केबल. लॅपटॉप उघडावा लागतो, घरी करू नका. स्क्रीन काळी, पण अंधारात टॉर्च तिरका धरला की आत अंधूक चित्र दिसतं: बॅकलाइट गेलाय. नोंदवहीत कर्नेल-पॉवर ४१ पुन्हा पुन्हा येतंय: संगणक झोपत नाहीये, नीट बंद न होताच रीस्टार्ट होतोय. हाताला चटका बसेल इतकं यंत्र तापत असेल तर तेही दाखवून घ्या.

आणि तळ फुगलाय, टचपॅड वर उचललाय, झाकण नीट बसत नाही असं असेल तर ती बॅटरी आहे. चार्जर लगेच काढा, यंत्र बंद करा, दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, त्याच दिवशी दुरुस्तीला द्या.

देताना एका कागदावर चार गोष्टी लिहून द्या: किती मिनिटांनी जाते, चार्जरवर की बॅटरीवर, परत येताना पासवर्ड मागते का, आणि नोंदवहीतला क्रमांक व त्यापुढचं कारण. "स्क्रीन जाते" एवढंच सांगितलं तर तंत्रज्ञ बहुधा विंडोज नव्याने टाकून देईल, आणि सैल झालेली केबल तशीच राहील.